ग्रामीण मार्गाच्या दुरुस्तीला निधी कोणत्या लेखाशीर्षातून मागायचा?

वाडीरस्ता
गाव ते वाडी असा 2.4 किमीचा ग्रामीण मार्ग, रुंदी 3.75 मीटर. कार्पेट (डांबराचा वरचा थर) ठिकठिकाणी उखडलंय. त्यातला साधारण 500 मीटरचा भाग काळ्या जमिनीतून जातो, तिथे रस्ता बसलाय आणि कडा तुटल्यात. बाकी जमीन मुरमाड. ग्रामपंचायतीला ठराव करायचाय. लेखाशीर्ष (सरकारी अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) 3054, 5054 की 2515? आणि ठरावात नेमकं काय लिहावं?

साखळी_क्रमांक
लेखाशीर्षाच्या आधी दोन गोष्टी बघा.

पहिली, रस्ता कोणाचा. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि त्यावरचे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. तुमचा ग्रामीण मार्ग असेल तर त्याला क्रमांक हवा. पंचायत समितीतल्या बांधकाम उपविभागात रस्त्यांची यादी असते, तिथून ग्रा.मा. क्रमांक लिहून घ्या. क्रमांक नसेल तर आधी रस्ता योजनेत समाविष्ट करून घेण्याचा प्रस्ताव द्यावा लागतो, निधीचं त्यानंतर.

दुसरी, आधीचं काम कोणत्या योजनेतलं आणि कधी पूर्ण झालं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल मूळ कंत्राटातच असते, आणि रस्त्याकडेच्या फलकावर तसं लिहिलेलं असतं. मुदत शिल्लक असेल तर निधी मागायचाच नाही, ठेकेदाराकडून काम करून घ्या असं उपअभियंत्याला लेखी द्यायचं.

मुदत संपली असेल तर मार्ग बहुतेक 3054चाच. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात ग्रामीण रस्त्यांचा विकास आणि मजबुतीकरण 3054 खाली येतं, इतर जिल्हा मार्गांचं 5054 खाली. 2515 मधून प्रामुख्याने गावांतर्गत मूलभूत सुविधा होतात, म्हणजे गावठाणातला रस्ता, गटार वगैरे. वाडीपर्यंतच्या रस्त्यासाठी तिकडे गेलात तर पत्र फिरत राहील.

ठरावात "रस्ता दुरुस्त करावा" एवढंच लिहू नका. ग्रा.मा. क्रमांक, कि.मी. 0/00 ते 2/400, आणि कोणत्या साखळीत (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरावर) काय बिघाड आहे ते लिहा. हे काम दुसऱ्या कोणत्याही योजनेत मंजूर नाही असा दाखला जोडा. तो नसला की प्रस्ताव परत येतो.

गटार_आधी
वरचं बरोबर, पण 2.4 किमीवर सरसकट नवं कार्पेट मागू नका. क्षेत्रफळ 9,000 चौमी होतं. एवढ्यावर 0.25 किलो प्रति चौमीने नुसता टॅक कोट (नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून फवारलेला डांबराचा पातळ हात) धरला तरी सव्वादोन टन इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) लागतं, आणि काळ्या जमिनीतला तुकडा तरीही दुसऱ्या पावसात बसणारच.

तिथला दोष डांबरात नाही. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते. तिचा सीबीआर (भार पेलण्याची ताकद दाखवणारा आकडा) बहुधा 2 ते 4 टक्क्यांच्या आसपास. त्या 500 मीटरसाठी वेगळी बाब मागा: जुना थर काढून खाली मुरमाची जाड भर, त्यावर खडीकरणाचे थर, मग कार्पेट. खडीकरणाच्या 75 मिमी दबलेल्या थराला 10 चौमीमागे 0.91 ते 1.07 घनमीटर सुटी खडी लागते. म्हणजे 1,875 चौमीला एका थरासाठी 170 ते 200 घनमीटर. अंदाजपत्रकात यापेक्षा बरीच कमी दिसली तर थर पातळ होणार हे तिथेच कळतं.

उरलेल्या मुरमाड भागात खड्डे चौकोनी कापून (कडा उभ्या, तळ घट्ट थरापर्यंत), साफ करून, टॅक कोट मारून थराथराने दाबून भरले की पुरतं. भरून झाल्यावर त्या लांबीवर सील कोट (पाणी अडवणारा वरचा पातळ थर) घ्या. 20 मिमीचं कार्पेट मुळात सच्छिद्र असतं, सील कोट राहिला की पाणी थेट खडीत उतरतं.

आणि साइडपट्टी! डांबराची पातळी 2.5 टक्के उताराने धरली तर 3.75 मीटर रुंदीत मधला भाग कडेपेक्षा जेमतेम 47 मिमी उंच असतो. साइडपट्टी त्या कडेपेक्षा वर आली की एवढा उतारही वाया जातो. बाजूला चर नाही, किंवा शेतकऱ्याने पाइपलाइनसाठी रस्ता आडवा कापलाय, अशा ठिकाणी आधी चर आणि नळी. ती बाब अंदाजपत्रकात नसली तर नंतर कोणी करत नाही.

वाडीरस्ता
म्हणजे ठरावात दोन भाग करायचे? 500 मीटर मजबुतीकरण आणि बाकी दुरुस्ती?

साखळी_क्रमांक
हो, एकाच प्रस्तावात, साखळीनुसार. शाखा अभियंत्याला सोबत घेऊन पाहणी करा, अंदाजपत्रक त्यालाच करायचं असतं. नंतरचा क्रम म्हणजे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. आराखडे तयार होण्याच्या आधी प्रस्ताव उपविभागात पोचला पाहिजे. उशिरा पोचलेला प्रस्ताव दायित्वाच्या यादीखाली दबून जातो, कारण चालू कामांची देणी आधी भागवली जातात.

मोजमाप_वही
काम सुरू झाल्यावरचं थोडं. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करणं आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणं हे दोन्ही येतात. नुसती कागदपत्रंच मागायला हवीत असं नाही. अर्जात कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) पानं आणि गुणनियंत्रण चाचणी अहवाल एवढंच मागा. "सर्व कागदपत्रे" लिहिलं की उत्तर लांबतं.

खडीकरणाची जाडी डांबर पडण्याआधीच मोजा. थर दबून झाल्यावर मध्ये आणि दोन्ही कडांना छोटा खड्डा करून पट्टी लावायची, साखळी क्रमांक दिसेल असा फोटो ठेवायचा. कार्पेट एकदा पडलं की खालच्या 75 मिमीचे 50 झालेत का, हे खोदल्याशिवाय कळत नाही, आणि नव्या डांबरावर खोदायला परवानगी मागत बसावं लागतं.