आईसाठी कॅल्शियमची गोळी: दोन डब्यांपैकी चांगली कोणती? मदत हवी आहे

जुळे_सोलापूर: नमस्कार. आईला कॅल्शियमची गोळी चालू करायची आहे. नवी पेठेतल्या तीन दुकानांत विचारले, तर एका डबीवर १२५० मिलिग्रॅम आहे, दुसरीवर ५००, आणि ५०० वाली दुप्पट महाग आहे. दुकानदार दोन्ही चांगल्या म्हणतात. दर्जेदार कोणती, एवढेच सांगावे. आज संध्याकाळीच आणायची आहे.

माळदांडी: गोळ्यांच्या नादी कशाला लागता? १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. माझ्या सासूबाई रोज नाचणीची आंबील घेतात.

औषधनिर्माता: नाचणी उत्तमच आहे, परंतु विचारले आहे ते गोळीबद्दल. मातोश्रींचे वय किती, इतर औषधे कोणती चालू आहेत, आणि डब्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नेमके काय छापले आहे?

होटगी_रोड: कॅल्शियमबरोबर डी जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे पाकीटही आणा, माझे गुडघे त्यानेच सुधारले.

औषधनिर्माता: कृपया असे सुचवू नका. ते पाकीट सहसा आठवड्यातून एकदा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतलेला रुग्ण मी स्वतः पाहिला आहे.

जुळे_सोलापूर: वय ६३, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी कॅल्शियम घ्यायला सांगितले आहे. पहिल्या डबीवर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ, एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिग्रॅ' असे आहे, दुसरीवर 'कॅल्शियम ५०० मिग्रॅ, सायट्रेट स्वरूपात'. थायरॉईडची गोळी ती पहाटे उपाशीपोटी घेते. विसरायला नको म्हणून हीसुद्धा तिच्याबरोबरच देणार होतो.

औषधनिर्माता: हे आधी सांगायला हवे होते, कारण डबीच्या निवडीपेक्षा हेच महत्त्वाचे आहे. कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून दोन्हींत किमान चार तासांचे अंतर ठेवा. कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष (म्हणजे डबीवरचे 'एलिमेंटल') कॅल्शियम सुमारे ४० टक्के असते, त्यामुळे तुमच्या दोन्ही डब्यांतून मिळणारे कॅल्शियम सारखेच आहे. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे लागते. सायट्रेट उपाशीपोटीही चालते आणि आम्लपित्ताच्या गोळ्या घेणाऱ्यांना अधिक सोयीचे पडते. दर्जाचे म्हणाल, तर पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द आणि एफएसएसएआयचा (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक असतो, तर औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. एफएसएसएआयचा क्रमांक त्यांच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर टाकून कंपनीचे नाव जुळते का, तेवढे पाहा.

माळदांडी: आम्लपित्त नसेल तर मग दुप्पट पैसे का द्यावेत?

जुळे_सोलापूर: आईला आम्लपित्त नाही आणि तशी कोणतीही गोळी ती घेत नाही. कार्बोनेटच्या डबीवर औषधाचाच परवाना क्रमांक आहे, म्हणून तीच आणली. आजपासून रात्रीच्या भाकरीबरोबर देतो. पहाटेच्या गोळीचे मात्र कुणी विचारले नसते, तर मी ती चूक रोज करत राहिलो असतो.