सिनसिनाटी: सिटी कौन्सिलच्या मतपत्रिकेवर पक्षच नाही, मग नऊ जण निवडायचे कसे?

क्लिफ्टनची_मीरा:
नमस्कार मंडळी. नागरिकत्व मिळाल्यावर माझं पहिलं मत २०२४ ला अध्यक्षपदासाठी दिलं. तिथे नावाखाली पक्ष छापलेला होता, फार डोकं चालवावं लागलं नाही. आता नोव्हेंबरात आपल्या सिटी कौन्सिलची निवडणूक आहे. नमुना मतपत्रिका उघडली तर नावांची ही लांबलचक रांग, वर "जास्तीत जास्त नऊ" अशी सूचना, आणि पक्ष कुठेच नाही. जुन्या सवयीने मी चिन्ह शोधत बसले होते! इथे खरंच पक्ष नसतात का? नऊच्या नऊ भरले नाहीत तर मत बाद होतं का? आणि माझा वॉर्ड कुठला, तेही कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

ओकलीचा_बंडू:
वॉर्ड नाहीतच. नऊही जण अख्ख्या शहरातून निवडून येतात. मी तर केंद्राबाहेर डेमोक्रॅटिक पक्षाचं कार्ड घेतो, त्यावरची नावं उतरवतो आणि दोन मिनिटांत बाहेर. २०२३ ला नऊच्या नऊ त्यांचेच निवडून आले. उगाच डोकेफोड कशाला?

मेसनवाला:
मलाही उत्सुकता आहे. पत्त्यावर सिनसिनाटी लिहिलेल्या आमच्या मित्रांनाही हेच मत असतं ना?

सुलभा_वेस्टवुड:
मेसनवाले, पत्त्यावर जाऊ नका. ब्लू ॲश किंवा अँडरसन टाउनशिपच्या टपालावर सिनसिनाटीच येतं, पण मत त्यांचं त्यांच्या गावात. नॉरवुडला तर चहूबाजूंनी सिनसिनाटी आहे आणि तरी ते वेगळं शहर. आमचं काउंटीचं निवडणूक कार्यालय नेमकं तिथेच आहे, हा विनोद आम्ही दर वर्षी करतो.

आता मीरा, तुझं. नऊपेक्षा कमी खुणा चालतात, एकच केलीस तरी चालते. दहा केल्यास मात्र कौन्सिलपुरती तुझी सगळी मतं जातात. बाकी पदांना धक्का लागत नाही. स्कॅनर तसा इशारा देतो, मग आम्ही ती मतपत्रिका परत घेऊन नवी देतो. "आम्ही" म्हणजे पोल वर्कर, मतदान केंद्रावर काम करणारे. निवृत्त झाल्यापासून हे काम करते, त्यामुळे कोणाला मत दे हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही.

पक्षाचं म्हणशील तर साडेसहाला दार उघडायच्या आधी आम्ही शंभर फुटांवर छोटे अमेरिकी झेंडे रोवतो. झेंड्यांच्या आत प्रचाराला बंदी. बाहेर सगळे पक्ष आपापली कार्डं घेऊन उभे! डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, आणि तिसरी चार्टर कमिटी, जिचं नाव शहराबाहेर कोणी ऐकलेलं नसतं.

ही कमिटी म्हणजे १९२४ च्या सुधारणेचं शेपूट. त्याआधी शहर "बॉस" कॉक्स आणि त्याच्या वारसांच्या रिपब्लिकन टोळीच्या मुठीत होतं. मरे सीझनगुड वगैरे मंडळींनी शहराची सनदच (चार्टर) बदलून घेतली: नऊ जणांचं कौन्सिल, नेमलेला सिटी मॅनेजर, पक्षाविना मतपत्रिका आणि पसंतिक्रमाने मतदान. त्या पद्धतीत दुसरी-तिसरी पसंती दिल्याने पहिल्या पसंतीचं काही बिघडत नसे. १९५७ ला मतदारांनी ती पद्धत रद्द केली. तेव्हा महापौर कौन्सिल निवडायचं, आणि थिओडोर बेरी हे कृष्णवर्णीय सदस्य महापौर होतील ही भीती त्या प्रचारात भरपूर वापरली गेली. (बेरी १९७२ ला झालेच महापौर.) पसंतिक्रम गेला, पक्ष न छापणं मात्र राहिलं. आता आहे त्याला जुने लोक "नाइन-एक्स" म्हणतात, नऊ फुल्या.

आणि खरी गोम या फुल्यांतच आहे. आता सगळ्या खुणांचं वजन सारखंच. तुला एक बाई मनापासून हव्या आहेत, आणि "नऊ म्हटलेत तर नऊ भरूया" म्हणून तू आणखी आठ अनोळखी नावांवर खुणा केल्यास, तर त्यातलंच एखादं नाव तुझ्या बाईंना दहाव्या जागेवर ढकलू शकतं. तुझ्याच मताने! माहीत नसलेल्या नावापुढची जागा कोरी सोड. ओहायोत नावांचा क्रम प्रिसिंक्टगणिक (म्हणजे मतदानाच्या छोट्या विभागागणिक) फिरवतात तो काही हौसेने नाही. वरच्या नावाला फुकटची मतं पडतात. १९९२ च्या ओहायोतल्या निकालांवर अभ्यास झाला होता, त्यात पक्ष न छापलेल्या लढतींमध्ये हे जास्त दिसलं.

बंडू, तुझ्या कार्डाबद्दल. सगळे एकाच पक्षाचे आहेत म्हणून सगळे सारखे नव्हेत. जून २०२४ ला "कनेक्टेड कम्युनिटीज" आलं, म्हणजे मुख्य बसमार्ग आणि बाजारपेठांजवळ एका घराऐवजी दोन ते चार घरांच्या इमारती बांधायला मुभा. ते ६ विरुद्ध ३ ने मंजूर झालं. सहाही डेमोक्रॅट, तिघेही डेमोक्रॅट. आमच्या वेस्टवुडात त्यावरून अजून वाद चालतो, आणि तुझ्या कार्डात त्याचा मागमूस नाही. सचोटीची हमीही कार्ड देत नाही. २०२० ला नऊपैकी तिघांना लाचखोरीच्या प्रकरणांत अटक झाली, दोघे डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन.

ओकलीचा_बंडू:
ताई, पटतंय पण अर्धंच. मी तीनच खुणा करायच्या आणि उरलेले सहा दुसऱ्यांनी ठरवायचे? महापौरांचा नकाराधिकार फिरवायला सहाच मतं लागतात. म्हणजे बहुमत मी दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा!

सुलभा_वेस्टवुड:
तू नऊ जणांचा अभ्यास केला असशील तर खुशाल नऊ भर, माझी ना नाही. अभ्यास न करता भरण्याला माझा विरोध आहे. कार्डावरून उतरवलेली सहा नावं म्हणजे तरी काय? तीही दुसऱ्यानेच ठरवलेली.

मीरा, अभ्यास वाटतो तेवढा मोठा नाही. शहरात ५२ नेबरहुड (वस्त्या) आहेत, बहुतेकांची कम्युनिटी कौन्सिल, म्हणजे रहिवाशांची समिती, आहे, आणि निवडणुकीआधी त्यांतल्या काही जणी उमेदवारांना एका रांगेत बसवून प्रश्न विचारतात. तुमच्या क्लिफ्टनची सभा कधी आहे ते बघ आणि जा. प्रश्न नेमका विचार. शहराने आपल्या मालकीचा रेल्वेमार्ग २०२३ च्या मतदानानंतर नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीला १.६ अब्ज डॉलरला विकला, त्या निधीतून दर वर्षी येणारा पैसा फक्त जुन्या सोयींच्या दुरुस्तीसाठी आहे. तर आधी कुठला रस्ता, कुठला दवाखाना, कुठली बाग? "सर्वांना समान न्याय" असं उत्तर देणाऱ्याला मी मनातल्या मनात खोडते. शाळांचं उलट आहे. शाळा मंडळ वेगळं, त्याची निवड त्याच मतपत्रिकेवर, तीही पक्षाविना. कौन्सिलचा उमेदवार शाळा सुधारण्याच्या बाता मारायला लागला तर खुशाल जांभई दे.

क्लिफ्टनची_मीरा:
ताई, फार मदत झाली. सध्या चार नावं पक्की आहेत, पाचव्याचं सभेनंतर बघते. एकच राहिलं: नावं लिहिलेला कागद आत नेता येतो का? ऐन वेळी सगळं विसरायची मला खोडच आहे.

सुलभा_वेस्टवुड:
खुशाल ने. फोटो असलेलं ओळखपत्रही विसरू नकोस. फक्त तो कागद मतदानाच्या कप्प्यात ठेवून येऊ नकोस, नंतर आम्हालाच गोळा करत फिरावं लागतं.