शब्दचर्चा : 'ऑटोफिट'ला मराठीत काय म्हणावं?

बर्डीवाला : एका अ‍ॅपचं मराठीकरण करून राहिलो. सेटिंगमधल्या 'ऑटोफिट टेक्स्ट'साठी आधीच्या कोणीतरी 'स्वयंचलित मजकूर आकार समायोजन' लिहून ठेवलंय. बटणात दिसतं 'स्वयंचलित मजकूर आका…'. म्हणजे मजकूर चौकटीत बसवणाऱ्या सोयीचं नावच चौकटीत बसत नाही! माझ्या डोक्यात तीन शब्द आहेत : मावणे, बेतणे, आक्रसणे. कोणता घेऊ?

महालातली डीटीपीवाली : बेतणे नको भाऊ. शिंपी कापड बेततो म्हणजे पुढं कात्री आलीच. इथं कापायचं नाही, तेच टाळायचंय. (शिवाय 'जिवावर बेतणे' आहेच.) 'मावणे'चीही अडचण आहे. घरात पाहुणे मावत नाहीत तेव्हा पाहुणे काही बारीक होत नाहीत, घर अपुरं पडतं. आनंद गगनात मावत नाही, तिथंही तेच. मावण्यात आतली वस्तू आहे तेवढीच राहते. आम्ही लग्नपत्रिका करतो तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, "सगळ्या आत्या-मामांची नावं बसवा बरं." मग आम्ही अक्षरांचा पॉइंट, म्हणजे आकार, उतरवतो, ओळींतली जागा दाबतो, नावं बसवतो. शब्द तयार आहे, 'बसवणे'.

कोडवाला : 'आक्रसणे'ला मी अर्धेच गुण देईन. अँड्रॉइड ८.० मध्ये, म्हणजे २०१७ साली, ही सोय टेक्स्टव्ह्यूमध्ये (पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या चौकटीत) आली. वेगळं काही सांगितलं नाही तर ती १२ एसपी ते ११२ एसपी (एसपी हे अक्षराच्या आकाराचं माप) या मर्यादेत चौकटीत बसेल असा सगळ्यात मोठा आकार शोधते. जागा मोकळी असली तर अक्षरं वाढतातसुद्धा. आयफोनच्या यूआयलेबलचं, म्हणजे तिथल्या मजकुराच्या चौकटीचं, तसं नाही. रुंदीत बसवायला सांगितलं की ते ठरलेल्या आकारावरून फक्त खाली उतरतं, तेही नेमून दिलेल्या प्रमाणापर्यंत. तिथं 'आक्रसणे' चपखल आहे. 'बसवणे' दोन्हीकडे चालेल.

बर्डीवाला : मर्यादा संपली की?

कोडवाला : मग बसत नाही, कापलं जातं. 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ' एका ओळीच्या बारक्या पट्टीत टाकून बघ. १२ वर येऊनही 'विद्यापीठ' बाहेरच. दोन ओळी दे, उंची ठरवून दे, लगेच बसतं. उंची मजकुरावर सोडली तर मात्र या सोयीचा भरवसा नाही, कारण कशात बसवायचं तेच तिला कळत नाही.

एक मास्तर, निवृत्त : माझी हरकत 'आपोआप'ला आहे. डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी फोनमध्ये अक्षरं मोठी करून घेतली आहेत. तरी काही अ‍ॅपांच्या बटणांवर ती पुन्हा मुंगीएवढी! मुलगा म्हणाला, "बाबा, ते आपोआप बसतं." अहो, आपोआप कसलं? माझं मोडून बसतं ते. 'बसवा' हे क्रियापद प्रामाणिक आहे, कोणीतरी बसवतंय हे त्यातून कळतं. पाटीला दोन शब्द पुरेत.

कोडवाला : काका, बरोबर आहे तुमचं. एसपी हे माप तुमच्या सेटिंगप्रमाणे वाढतं, पण चौकट वाढत नाही. म्हणून बसवताना वाढवलेलं परत खाली येतं. अशा ठिकाणी आकाराला हात न लावता चौकटच वाढू द्यावी. तिथं मग ताईंनी बाजूला ठेवलेला 'मावणे' खरा ठरतो. पाहुणे तेवढेच, घर मोठं.

महालातली डीटीपीवाली : घ्या! म्हणजे अक्षर बदललं तर 'बसवणे', चौकट बदलली तर 'मावणे'. माझा शब्द फुकट गेला नाही.

बर्डीवाला : 'चौकटीत बसवा' टाकलं. बटणात पूर्ण दिसतं, टिंबं गेली. खालच्या पानावर 'विद्यार्थी'चा रफार अजून वरून कापला जाऊन राहिला. काहून बे?

कोडवाला : ओळीची उंची इंग्रजी अक्षरं बघून ठरवली असेल. तो शब्दाचा प्रश्न नाही, उद्या स्क्रीनशॉट पाठव.