ट्रान्स्परन्ट फायरवॉलला ‘पारदर्शक’ म्हणावे का?

ओसरी:
एका महाविद्यालयाच्या संगणक विभागासाठी मी माहितीपुस्तिकेचा अनुवाद करीत आहे. त्यात फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमधली वाहतूक तपासून नको ती अडवणारी यंत्रणा, ‘ट्रान्स्परन्ट ब्रिजिंग’ पद्धतीने बसवण्याविषयी एक प्रकरण आहे. मी सरळ ‘पारदर्शक’ लिहिले; त्यावर मुद्रितशोधक बाईंनी समासात विचारले, की ‘पारदर्शक कारभार’ म्हणजे आतले सगळे दिसणारा कारभार, मग जी फायरवॉल कोणाला दिसतच नाही ती पारदर्शक कशी? मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी शब्द सुचवावा.

केबलवाला:
आधी ती काय करते ते पाहू. नेहमीची फायरवॉल राउटरसारखी दोन नेटवर्कांच्या सीमेवर बसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कातले क्रमांकी पत्ते, असतात. ब्रिज, म्हणजे एकाच नेटवर्कचे दोन भाग जोडणारा पूल, म्हणून बसवलेली फायरवॉल मात्र एकाच सबनेटमधली (नेटवर्कच्या एकाच पोटविभागातली) जोडणी मधोमध तोडून तिथे घातली जाते. तिच्या केबल जोडण्याच्या पोर्टांना आयपी पत्ता लागत नाही, देखरेखीसाठी एखादा दिला तर तेवढाच. कोणते यंत्र कोणत्या बाजूला आहे हे ती येणाऱ्या फ्रेमवरचे, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यांवरचे, मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे हार्डवेअर पत्ते) पाहून शिकते, आणि फ्रेममधल्या पॅकेटचा टीटीएल (अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा) कमी करीत नसल्यामुळे वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या ट्रेसराउट या आज्ञेत ती उमटत नाही. एकाही यंत्राचा गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराचा पत्ता, बदलावा लागत नाही, तरी नियम आयपी पत्ते आणि सेवांचे पोर्ट क्रमांक तपासूनच लागू होतात. म्हणून ‘अदृश्य’ म्हणावे.

पाटीपेन्सिल:
‘अदृश्य’ मला मान्य नाही. ज्याचे पॅकेट अडवले जाते, त्याला वाटेत काहीतरी आडवे आले हे कळतेच. ‘पारदर्शक’ म्हणजे ज्यातून पलीकडचे दिसते ते. खिडकीच्या तावदानातून अंगण दिसते, काचेकडे लक्ष जात नाही, आणि तीच काच ऊन आत घेते व पाऊस बाहेर ठेवते. यापेक्षा चपखल शब्द कोणता? कारभाराचा अर्थ नंतरचा, लाक्षणिक आहे. त्याच्यासाठी मूळ अर्थाने जागा का सोडावी?

तांबडीमाती:
माझी आजी फाटलेल्या लुगड्याला रफू करताना म्हणायची, की जोड बेमालूम बसला पाहिजे. तोडलेल्या केबलमध्ये घातलेली ही वस्तू दोन्हीकडच्या यंत्रांना जाणवत नाही, म्हणून ‘बेमालूम फायरवॉल’ म्हणावे.

पाटीपेन्सिल:
शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणूनच, आणि आपण नव्या शास्त्रासाठी पुन्हा फारसीकडे वळावे हे मला पटत नाही. शिवाय ‘बेमालूम थाप मारली’ असे आपण म्हणतो. त्या शब्दाला फसवणुकीचा वास आहे.

तांबडीमाती:
रफूत कसली फसवणूक? ‘खिडकी’ आणि ‘बेमालूम’ या दोन्ही शब्दांवर माझा सारखाच हक्क आहे. ‘ब्रिज’ला सरसकट ‘सेतू’ म्हणतात, खरी चूक त्यात आहे. आमच्या कोकणात ओढ्यावर टाकतात तो साकव. दोन काठांची वाडी त्याने एकच राहते. हा शब्द ‘संक्रम’वरून आला असावा असे मला वाटते.

केबलवाला:
साकव आवडला, पण त्यात पहारा येत नाही, आणि हा भेद मी अनुभवला आहे. एका कार्यालयात लिनक्सच्या यंत्रावर मी असा ब्रिज उभारला आणि आयपीटेबल्स या लिनक्समधल्या फायरवॉलचे नियम रात्रभर बसून लिहिले. सकाळी सगळी वाहतूक बिनदिक्कत पार जात होती. बीआर-नेटफिल्टर हे मॉड्यूल चालू केल्याशिवाय ब्रिजवरच्या फ्रेम त्या नियमांकडे जातच नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पूल होता, नाका नव्हता. म्हणून शब्दात नाका हवाच: ‘पूलनाका’.

पाटीपेन्सिल:
नाक्यावर गाडी थांबते आणि नाकेदार समोर दिसतो. इथे नेमके तेच होत नाही.

तांबडीमाती:
साकवावरही राखण्या बसत असे. ‘राखणसाकव’ का नको? घाटावर साकव हा शब्द कोणी वापरते का, तेही कळवावे.