सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात हान कांग

ए-३०१ : सर्वांना नमस्कार. २०२४ चे साहित्याचे नोबेल ज्यांना मिळाले त्या दक्षिण कोरियाच्या हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ ही कादंबरी या महिन्यासाठी ठरली आहे. मी ती अजून हाती घेतलेली नाही. परंतु नोबेलविजेत्या लेखिकेने शाकाहाराचा पुरस्कार केला असेल, तर मुखपृष्ठाचे छायाचित्र सूचनाफलकावर लावण्यास हरकत नसावी. जिन्यातल्या मासळीच्या वासावरून वार्षिक सभेत जे झाले, त्यानंतर तर ते उचितच ठरेल.

सी-५०२ : काका, छायाचित्र अवश्य लावावे, पण आधी पहिला भाग तेवढा वाचून घ्यावा, ही विनंती. योंग-हे नावाची चारचौघींसारखी गृहिणी एका पहाटे फ्रिजमधले सगळे मांस कचऱ्याच्या पिशव्यांत भरते आणि त्यानंतर मांसाला शिवत नाही. यामागे धर्म नाही, व्रत नाही, डॉक्टरांचा सल्लाही नाही. विचारले की ती एवढेच सांगते, की मला स्वप्न पडले. आपल्या इमारतीत स्पष्टीकरण मागितले जाते ते मांस खाणाऱ्याकडे. तिच्या घरात ते न खाणारीकडे मागितले जाते, आणि साहेबांसोबतच्या जेवणात तिच्यामुळे आपली शोभा झाली, याचेच नवऱ्याला सर्वाधिक दुःख होते. पुढे थोरल्या बहिणीच्या नव्या घरी सगळे जमलेले असताना वडील तिच्या थोबाडीत मारतात, मुलाला आणि जावयाला तिचे हात धरायला सांगतात आणि डुकराच्या मांसाचा तुकडा बळेच तिच्या तोंडात कोंबतात. ती तो थुंकते आणि फळे कापायची सुरी उचलून स्वतःच्या मनगटावर चालवते. हे वडील व्हिएतनाम युद्धात लढलेले असून त्या पराक्रमाच्या गोष्टी ते अभिमानाने सांगतात, हा तपशील लेखिकेने सहज म्हणून घातलेला नाही. तेव्हा कादंबरीचा विषय ताटात काय असावे हा नसून, ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईचे घरातली माणसे काय करतात, हा आहे.

बी-१०४ : मी पुस्तक पूर्ण वाचले आणि मला त्रास झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. दुसऱ्या भागात मेहुणा तिच्या अंगावर फुले रंगवतो, ते सारे प्रकरण मुलांच्या ग्रुपवर मुळीच जाऊ नये. शिवाय जिच्यावर कादंबरी आहे, तिलाच लेखिकेने जवळजवळ गप्प ठेवले आहे, हे मला पटले नाही.

सी-५०२ : मुलांबाबत पूर्ण सहमत. गप्प ठेवण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. तिन्ही भाग आधी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले होते (त्यांपैकी दुसऱ्याला २००५ मध्ये कोरियातला प्रतिष्ठेचा यी सांग पुरस्कारही मिळाला) आणि २००७ मध्ये त्यांचे एक पुस्तक झाले. पहिला भाग नवरा सांगतो, दुसरा मेहुण्याच्या नजरेतून आहे आणि तिसरा बहिणीच्या. योंग-हेचा स्वतःचा आवाज पहिल्या भागातल्या स्वप्नांच्या तुकड्यांपुरताच ऐकू येतो. तिच्याबद्दल प्रत्येकाला काही ना काही म्हणायचे आहे, पण तिचे ऐकून घ्यायला कोणी तयार नाही, हे सांगायला याहून नेमकी मांडणी मला तरी सुचत नाही. १९९७ च्या त्यांच्या एका कथेत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईचे हळूहळू झाड होते आणि नवरा तिला कुंडीत लावून पाणी घालू लागतो. कादंबरीचे बीज तिथे आहे.

डी-४०१ : लेखिकेच्या आयुष्याबद्दल थोडे लिहिते, कारण त्यावाचून ही हिंसा निव्वळ विक्षिप्त वाटते. हान कांग यांचा जन्म १९७० मध्ये ग्वांगजू शहरात झाला. वडील हान संग-वन हेही कादंबरीकार. १९८० च्या जानेवारीत कुटुंब सोलला राहायला गेले आणि अवघ्या चार महिन्यांनी, मे महिन्यात, लष्करी कायद्याविरुद्ध उठलेल्या ग्वांगजूच्या नागरिकांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. आपण केवळ योगायोगाने वाचलो, ही बोच त्या घरात राहिली. पुढे चोरून छापलेला, त्या दिवसांतल्या छायाचित्रांचा एक संग्रह वडिलांनी घरी आणला. मुलांच्या नजरेस पडू नये म्हणून कपाटात दडवलेला तो संग्रह बारा वर्षांच्या हान कांग यांनी काढून पाहिला. त्यात विद्रूप केलेले मृतदेह होते, आणि जखमींना रक्त देण्यासाठी रुग्णालयाबाहेर लागलेली माणसांची न संपणारी रांगही होती. एकच माणूसजात ही दोन्ही कामे कशी करते, हा प्रश्न त्यांनी नोबेल व्याख्यानातही मांडला. माझ्या मते त्यांचे बहुतेक लेखन या दोन छायाचित्रांच्या मधल्या जागेत उभे आहे. २०१४ च्या ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’मध्ये तर त्या थेट ग्वांगजूलाच गेल्या आणि २०२१ च्या कादंबरीत जेजू बेटावरच्या १९४८ नंतरच्या हत्याकांडाकडे वळल्या. नोबेल स्वीकारायला त्या स्टॉकहोमला जाण्याच्या बेतात असतानाच, ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री, कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा लष्करी कायदा पुकारला; संसदेने तो काही तासांतच हाणून पाडला.

बी-१०४ : ही पार्श्वभूमी माहीत नव्हती. अनुवादाविषयी वाद झाल्याचे मात्र वाचले होते.

सी-५०२ : झाला होता. डेबोरा स्मिथ यांनी इंग्रजी अनुवादात बरीच मोकळीक घेतली आणि काही ठिकाणी सरळ चुका केल्या, असे कोरियन जाणणाऱ्यांनी दाखवून दिले. पण २०१६ चे मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक लेखिका व अनुवादिका यांना मिळून होते आणि ५०,००० पौंडांची रक्कम दोघींत निम्मी-निम्मी वाटली गेली. आपल्याकडे अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर आले तरी खूप झाले, असे मानतात.

ए-३०१ : छायाचित्र तूर्त लावत नाही. वासाच्या तक्रारीसाठी मात्र समितीकडे वेगळा अर्ज देणार आहे. तो विषय मी सोडलेला नाही.

डी-४०१ : अर्ज जरूर द्या, काका. पुढच्या महिन्यासाठी मी ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’ सुचवते. त्याचा पहिला भाग पंधरा वर्षांच्या मुलाला ‘तू’ असे संबोधून लिहिला आहे. हा मुलगा व्यायामशाळेत रांगेने ठेवलेल्या प्रेतांची नोंद ठेवतो आणि मेणबत्त्या लावतो. रात्री झोपण्यापूर्वी मात्र कोणी ते वाचू नये.