देखभाल द्या, ताबा नको

"पालिकेला मैदानं सांभाळता येत नाहीत, मग खासगी संस्थेला द्यायला काय हरकत?" हा तुमचा मुद्दा अर्धाच पटतो. नव्वदच्या दशकात मुंबईच्या ओव्हल मैदानाची पार रया गेली होती. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले, देखभाल अंगावर घेतली, आणि तिथे आजही कुठलंही पोरगं स्टंप ठोकून खेळतं. २०१८ पासून तर तो परिसर जागतिक वारसा यादीत आहे. पण मुंबईतच 'काळजीवाहू' म्हणून दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहिले. सभासद नसाल तर गेटवरूनच परत! २०१६ मध्ये मैदानं खासगी संस्थांना सांभाळायला देण्याच्या पालिकेच्या 'दत्तक' धोरणावर ओरड झाली आणि मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली, ती उगाच नाही. करारात बांधकामबंदी आणि सगळ्यांना फुकट प्रवेश स्पष्ट लिहिणार असाल तर बोलू. नाहीतर कर आम्ही भरतोच आहोत, माळी पालिकेनेच नेमावेत.