पटावरच्या दाण्यांची संख्या मूळ नाही

बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट ठेवत गेलं, तर ६४ घरांतल्या दाण्यांची बेरीज २^६४ − १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होते. ती ‘दोनाच्या घातातून एक वजा, म्हणजे बहुतेक मूळ संख्याच’ असं कुणीतरी म्हटलंय. अहो, शेवटी ५ आहे की! शिवाय अंकांची बेरीज ८७, म्हणजे तीननेही भाग जातो. अशी संख्या मूळ असायला घातांक स्वतः मूळ लागतो (तेवढ्याने भागतं असं नाही, पण लागतो), आणि ६४ कुठला मूळ?

खरी गंमत अवयवांत आहे. शाळेतलं अ² − ब² चं सूत्र २^६४ − १ ला पुन्हा पुन्हा लावत जा. हाती येतं ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. या सगळ्या फ्रेंच गणिती फर्माच्या संख्या, म्हणजे २^(२^न) + १ अशा रूपाच्या. त्या सर्व मूळ असतात असं फर्माला वाटायचं, पण गणिती ऑयलरने १७३२ मध्ये शेवटची फोडली: ६४१ × ६७००४१७. हा गुणाकार मी एकदा लोकलमध्ये वहीच्या मागच्या पानावर करून पाहिला, दोन स्टेशनांत झाला. म्हणजे एकूण सात वेगवेगळे मूळ अवयव, आणि विभाजक बरोब्बर १२८.

आणि पटाच्या फक्त पहिल्या अर्ध्या भागातले दाणे घेतले तर ४२९४९६७२९५, म्हणजे आजवर माहीत असलेल्या पाचही फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार. विषम बाजूंचे जे सुसम बहुभुज कंपास आणि पट्टीने काढता येतात असं माहीत आहे, त्यांतला सर्वांत मोठा इतक्याच बाजूंचा. तत्त्वतः हं, कागद पुरायचा नाही.